मशीनवरचा हात दुखला, तर खर्च कुणाचा?



दुकान टाकायचं ठरलं की आपण वही घेऊन बसतो. डिपॉझिट किती, भाडं किती, माल उधारीवर मिळेल का, लाईट बिल किती येईल. पहिला माणूस कामाला ठेवतो तेव्हा त्याच्या नावापुढे फक्त पगार लिहितो. मीही तेच केलं होतं. त्या रकान्यात अजून काय लिहायला पाहिजे होतं, ते मला २०२३ च्या उन्हाळ्यात कळलं. व्हिडिओत हा विषय थोडक्यात उरकला, म्हणून इथे सविस्तर सांगतो. यात माझी चूक आहे, तीही सांगतो.

जळकोटला माझं रेडिमेड कपड्यांचं आणि शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मागच्या खोलीत तीन मशीन, तिन्हींना मोटर. एप्रिल ते जून हा आमचा सीझन, कारण जूनमध्ये शाळा उघडायच्या आत गणवेश हातात पडला पाहिजे. शिलाई नगावर. जितके नग, तितके पैसे. तिघींमध्ये सगळ्यात जास्त नग काढणारी एक ताई होती, वय पस्तीसच्या आसपास. नाव सांगत नाही, ताईच म्हणतो.

मे महिन्यात ती एकदा म्हणाली, "भाऊ, उजवा हात बधिर व्हायलाय. रात्री मुंग्या येऊन जाग येते, उठून हात झटकावं लागतं." मी काय म्हणालो असेन? "बाम लावा ताई, सीझन झाला की दाखवू." दहा-बारा दिवसांनी तिच्या हातातून कात्री सुटली आणि शर्टाचं कापड उभं चिरलं. मला आधी कापडाचं वाईट वाटलं. तिला बटणाला दोरा घालता येत नाही, चिमटीत सुई धरता येत नाही, हे त्यानंतर लक्षात आलं.

उदगीरच्या डॉक्टरांनी लातूरला पाठवलं. तिथे नसांची तपासणी झाली, जिला एनसीव्ही म्हणतात. निदान निघालं कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि एक नस जाते. तीच तीच हालचाल जोर लावून, मनगट वाकवून तासन् तास केली की तिथे सूज येते आणि नस दबते. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. रात्री त्रास वाढतो. वेळेत लक्ष दिलं तर पट्टा बांधून, विश्रांती देऊन बऱ्याचदा भागतं. आमच्याकडे ती वेळ बामात गेली होती. ऑपरेशन करावं लागलं आणि सहा आठवडे मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलं.

आता नगावरच्या मजुरीचा विचार करा. माणूस थांबला की कमाई थांबते. म्हणजे हात दुखत असताना न थांबण्याचे पैसे मीच देत होतो. आपल्याला ती पद्धत स्वस्त वाटते, कारण काम नसेल तेव्हा पगार द्यावा लागत नाही. तिची खरी किंमत मनगटात साठत जाते आणि एक दिवस एकदम बाहेर पडते. शिलाईच कशाला, पापड लाटणं, दिवसभर भाजी चिरणं, केस कापणं, पोळ्यांचं केंद्र, मोबाईल दुरुस्तीतला स्क्रू ड्रायव्हर, दिवसभर बिलं टाईप करणं, या सगळ्यांत हाच धोका आहे.

मी काय केलं

घाबरलो. ऑपरेशनचे २८,००० रुपये मी दिले, ते बरोबर केलं. पण त्याच वेळी कुणीतरी कानात सांगितलं, "लिहून घे, उद्या केस करेल." मी बाँड आणला. त्यावर लिहून घेतलं की मालकाकडून २०,००० रुपये रोख मिळाले, यापुढे माझी काही तक्रार नाही. ताईने वाचलंही नाही, सही केली. डाव्या हाताने केली, कारण उजव्याला पट्टी होती. तो कागद मी तिजोरीत ठेवला आणि निवांत झालो.

पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी एका वकिलांकडे गेलो, तेव्हा तो कागद सहज दाखवला. त्यांनी विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मग कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ काढला. बीबीएला असताना या कायद्यावर मी पाच मार्कांची टीप लिहिली होती, त्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध आला नव्हता.

कलम १७ म्हणतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कुणी कामगाराकडून करून घेतला, तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणजे माझा बाँड रद्दी. त्याहून मोठा धक्का कलम ८ चा. कामगार स्त्री असेल आणि भरपाई एकरकमी द्यायची असेल, तर ती भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. मालकाने थेट हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. उद्या दावा झाला असता तर मी दिलेले २०,००० कायद्याच्या दृष्टीने दिलेच नव्हते. हे कलम का घातलं असेल? बाईच्या हातातले पैसे घरातला दुसरा कुणी काढून घेऊ नये, मालकाने चार पैशांत तिला गप्प करू नये म्हणून. मी नेमकं तेच करत होतो.

पण हा "अपघात" आहे का?

इथून गोष्ट अवघड होते, आणि हाच भाग तुम्ही नीट वाचावा असं मला वाटतं.

मशीनची सुई बोटात घुसली, तर काही वाद नाही. काम करताना, कामामुळे झालेला अपघात आहे, भरपाई लागू. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, हाताचा पंजा गेला तर ६० टक्के, असे आकडे कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात छापलेले आहेत. पण हळूहळू झिजलेल्या मनगटाला तारीख नसते. कोणत्या दिवशी, किती वाजता झालं, हे ताई सांगू शकत नव्हती.

आजारांसाठी कायद्यात तिसरं परिशिष्ट आहे. त्यातला आजार त्या कामातून झाला तर तो अपघातासारखाच धरतात. शिसं, पारा, बेंझीन यांची विषबाधा, आवाजाने आलेला बहिरेपणा, कामातून झालेला दमा अशी ती यादी आहे. वारंवार एकाच हालचालीने होणारं मनगटाचं दुखणं त्या यादीत नाही. आणि कलम ३ चं चौथं पोटकलम सांगतं की यादीबाहेरचा आजार असेल तर तो कामावर झालेल्या अपघाताच्या विशिष्ट इजेतूनच थेट आला, हे दाखवावं लागेल.

हे दुखणं जगाला माहीत नाही असंही नाही. तारा पाठवणाऱ्या कारकुनांच्या हाताला येणारा गोळा ब्रिटनने १९०८ सालीच भरपाईच्या यादीत घेतला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या २०१० च्या यादीत कार्पल टनेल नावानिशी आहे. आपल्याकडच्या मशीनवरच्या बाईला मात्र अजून अपघाताच्या दारातूनच आत शिरावं लागतं.

ते दार पूर्ण बंद नाही, हे मुंबईच्या एका जुन्या खटल्यावरून कळतं. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी रात्रपाळीत छातीत दुखून गेला. त्याला हृदयविकार आधीपासून होता. मालकाची बाजू अशी की माणूस आजाराने गेला, कामाचा काय संबंध? १९५३ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर हे प्रकरण आलं आणि निकाल विधवेच्या बाजूने लागला. आजार आधीचा असला तरी कामातल्या उभं राहण्याच्या, चालण्याच्या ताणाने मृत्यू ओढवायला हातभार लावला असेल, तर ती कामातून झालेली इजाच आहे, असा त्याचा अर्थ. आजही वकील हा निकाल दाखवतात.

मला तो लागला, कारण ताईला थायरॉईडचा त्रास होता. थायरॉईड, मधुमेह, गरोदरपण यांत कार्पल टनेल जास्त दिसतो, हे डॉक्टरही सांगतात. माझ्या मनातली पळवाट तीच होती: थायरॉईडमुळे झालं असेल, घरच्या धुण्याभांड्यांमुळे झालं असेल. घरचं काम तर आमच्या घरातल्या बायकाही करतात, पण रोज शेकडो शिवणी कुठे मारतात?

दुसरी बाजूही ऐका. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात वाहनावरच्या एका तरुण क्लीनरच्या आईचा दावा आला होता. मुलगा हृदय बंद पडून गेला होता. न्यायालयाने भरपाई नाकारली. कामावर असताना गेला एवढं पुरेसं नाही, कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध पुराव्याने दाखवला पाहिजे, असं सांगितलं. म्हणजे सगळं पुराव्यावर येऊन थांबतं. हजेरी, नगांची वही, डॉक्टरांच्या कागदावर कामाचा उल्लेख. ताईकडे यातलं काहीच नव्हतं. वही माझ्याकडे होती.

वकिलांचं मत स्पष्ट होतं. "दावा झाला तर तुम्ही जिंकालही. पण त्यासाठी तुम्हाला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल की नऊ वर्षं मशीन चालवून हिचा हात गेला नाही."

आकडे किती मोठे असतात

ताईची कमाई मे महिन्यात १६,००० आणि दिवाळीनंतरच्या महिन्यात ५,००० असायची. अशा वेळी मागच्या बारा महिन्यांची एकूण मजुरी भागिले बारा हा महिन्याचा पगार धरतात. तिचे वर्षाचे १,०८,००० होत होते, म्हणजे महिना ९,०००. (हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० आहे.)

कायमचं अपंगत्व आलं तर पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. ३५ वर्षांसाठी तो १९७.०६ आहे. ५,४०० गुणिले १९७.०६, म्हणजे १०,६४,१२४ रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. परिशिष्टात नसलेल्या इजेसाठी कमाईची क्षमता किती टक्के गेली हे डॉक्टर ठरवतात. त्यांनी समजा २० टक्के लिहिलं, तर भरपाई सुमारे २,१२,८२५ रुपये. तात्पुरतं काम बंद असेल तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. देणं लागू झाल्यावर महिनाभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. माझं मागच्या खोलीतलं सगळं सामान विकलं तरी दोन लाख उभे राहिले नसते.

टक्केवारीच्या बाबतीत १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्ट बघून अंशतः अपंग म्हणावं, असं मालकाचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसासाठी हे पूर्ण अपंगत्व. तुमच्या माणसाचं पोट ज्या अवयवावर आहे, त्या अवयवाकडे न्यायालय त्याच नजरेने बघतं.

"आमच्याकडे तर दोनच जण आहेत, आम्हाला कुठला कायदा?" हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात येतो. जिथे विजेवर चालणाऱ्या यंत्राने वस्तू बनवण्याचं काम होतं, तिथे या कायद्यासाठी माणसांची किमान संख्या नाही. पिठाची गिरणी, शिलाई, मसाला, फर्निचर, सगळं यात येतं. हजेरीपटावर नाव नाही, रोजंदारीवर आहे, या सबबीही चालत नाहीत. दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआय बघा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के जातात, आणि कामावरच्या इजेत मजुरीच्या ९० टक्के भत्ता ईएसआय देतं, तो बोजा तुमच्यावर येत नाही. ताईसारखं दुखणं इजा म्हणून मान्य झालं नाही तरी दवाखाना आणि ७० टक्के आजारपणाचा भत्ता तिथे असतो. म्हणून मला वाटतं, दहावा माणूस मुद्दाम टाळणारे लोक हिशेबात चुकतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, ढाचा बहुतेक तोच राहिला. प्रत्यक्ष दावा उभा राहिला तर क्रमांक आणि रकमा वकिलाकडून त्या दिवशी तपासून घ्या.

विम्याबद्दल दोन गोष्टी. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सगळ्यांची काढाच, पण ती अपघाती मृत्यू आणि अपघाती अपंगत्वासाठी आहे, झिजलेल्या मनगटासाठी नाही. दुसरी, सर्वसाधारण विमा कंपन्या कामगार भरपाईची पॉलिसी देतात. पगार आणि कामाचा धोका बघून हप्ता ठरतो. घेताना विचारा की व्यवसायजन्य आजार आणि दवाखान्याचा खर्च त्यात धरला आहे का. एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणेल. कागदावर दाखव म्हणा.

पुढे काय झालं

मी तो बाँड ताईसमोर फाडला. सहा आठवड्यांची मजुरी महिना ९,००० च्या हिशेबाने तिच्या खात्यावर टाकली. आणि तिला सांगितलं की कायद्याने तुला दोन वर्षांत दावा करता येतो. हे सांगणं उपकार नव्हते. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधन आलं की कामावर ठेवतानाच भरपाईचा हक्क लेखी, कामगाराला समजेल अशा भाषेत सांगायचा. नाही सांगितला तर दंड ५०,००० पासून १ लाखापर्यंत.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग हे आधीच का नाही सांगितलं भाऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने दावा केला नाही. लातूरच्या खेपा, प्रत्येक खेपेला बुडणारी मजुरी, आणि पुन्हा सकाळी माझ्याच दुकानात यायचं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिचा बधिरपणा गेला आहे, पण चिमटीतला जोर पूर्ण आलेला नाही. आता ती मापं घेते, कटिंग बघते, गिऱ्हाईक सांभाळते, मशीनवर दिवसाला दोन तासच बसते. पगार महिन्याचा ठरलेला आहे.

मागच्या खोलीत जे बदललं ते फार खर्चाचं नाही. पाठ टेकणाऱ्या आणि उंची कमी-जास्त होणाऱ्या खुर्च्या आणल्या, कारण आधी स्टूल इतकं बुटकं होतं की मनगट वर वाकवूनच शिवावं लागायचं. कात्र्यांना दर आठवड्याला धार लावतो. बोथट कात्री चालवायला किती जोर लागतो, हे मी स्वतः दिवसभर कापून बघितल्यावर कळलं. काज-बटण आणि सरळ शिवण आळीपाळीने करायची. सगळ्यांना ठरलेला पगार आणि ठराविक नगांच्या वर बोनस. तासाला पाच मिनिटं हात मोकळे करायचे, त्याचे पैसे कापायचे नाहीत. पहिल्या सीझनला नग कमी निघाले, हे मान्य करतो. मी जूनसाठी एक बाई जास्त घेतली. मुंग्या, बधिरपणा, कात्री सुटणं, कुणीही काहीही सांगितलं की तारखेसह वहीत लिहायचं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यायचं. ही वही उद्या माझ्याविरुद्ध पुरावा होऊ शकते, याची मला कल्पना आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आज कुणाकडे तरी कामाला आहेत आणि उद्या स्वतःचं टाकायचं म्हणताय. तुमचा हात दुखत असेल तर मालकाला तोंडी सांगून थांबू नका. कागदावर लिहा: काम काय, दिवसाचे किती तास, त्रास कधीपासून. द्या आणि पोच घ्या, किंवा मोबाईलवर पाठवून मेसेज जपून ठेवा. डॉक्टरांना आपण काय काम करतो ते सांगा आणि केसपेपरवर तसं लिहून मागा. मजुरीच्या नोंदीचे फोटो काढून ठेवा. कामाला गैरहजर राहावं लागलं तो पहिला दिवस लिहून ठेवा, कारण आजाराच्या दाव्यात तीच तारीख मोजणीला धरतात.